कुंकू लावलेला बल्ब

मी एकदा सूड घेतला आहे, चांगला सहा आठवडे दबा धरून. त्याची मला लाज वाटत नव्हती, निदान त्या दिवसापर्यंत तरी.

माझी गाडी दहा वर्षांची जुनी, पण माझी. कागदोपत्रीसुद्धा माझ्याच नावावर. दर रविवारी ती घेऊन मी सहकारनगरहून वाघोलीला आईकडे जायचे. आई माझ्या भावाकडे असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती एकटी घराबाहेर पडत नाही. तिला लिफ्टने खाली आणायचं, पुढच्या सीटवर बसवायचं आणि तासभर फिरवून आणायचं. बाहेरचं जग तिला आठवड्यातून तेवढंच दिसायचं.

त्या वर्षी सासरे आमच्याकडे राहायला आले. हेडलाइटचा एक बल्ब आपल्या वयाने गेला, तेव्हा गाडीचं काम परक्या हातात कशाला म्हणून तो त्यांनी स्वतः बसवला. तिथून महिन्याला एक बल्ब जायला लागला. सासऱ्यांचं बोलणं मऊ आणि निकाल कडक. "सूनबाई, आत तार असते केसासारखी. तुम्ही स्पीडब्रेकरवर गाडी आपटता, ती बिचारी किती सोसणार?"

चौथा बल्ब गेला आणि किल्ली दाराजवळच्या खुंटीवरून त्यांच्या कपाटात गेली. थोडे दिवस त्यांच्या मुलानेच गाडी चालवावी, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. माझा नवरा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. गाडी कुणाची, हे त्या खोलीत कुणालाच आठवलं नाही. मला आठवलं होतं, पण मी गप्प बसले आणि तो राग अजून जिरलेला नाही.

मग मी स्वारगेटला बस बदलून वाघोलीला जाऊ लागले. आई खिडकीतून खाली पार्किंगकडे बघायची. "आज पण गाडी नाही आणलीस?" असं विचारायची आणि परत खुर्चीत बसायची.

श्रावण संपत आला होता. सासरे काहीही फेकत नाहीत; गेलेले बल्बही त्यांनी एका डब्यात जपले होते. त्यातले दोन उचलून मी नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारांनी तीन प्रश्न टाकले. चार्जिंग जास्त होतंय का? होल्डर ढिला आहे का? मागचं रबरी झाकण फाटून पाणी शिरतंय का? हे सगळं मी किल्ली हातात होती तेव्हाच गॅरेजात तपासून घेतलं होतं, त्यात काही खोट नव्हती. मग त्यांनी चष्मा पुसून बल्ब उजेडात धरला. काचेवर तपकिरी डाग होता आणि नेमकी तिथेच काच फुगलेली.

"हे काय फासलंय?"

"कुंकू," मी म्हणाले.

आमच्या घरात मिक्सर असो नाहीतर कुकर, नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय ती वापरत नाहीत. काचेवर कुंकू ठरत नाही, म्हणून सासरे समईच्या तेलात बोट बुडवून ते लावायचे.

"अहो बाई, ही हॅलोजनची काच भयंकर तापते. नुसतं बोट लागलं तरी त्या तेलकटपणाने तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब जातो. तुम्ही तर तेलच लावताय. बल्ब फक्त बसवायचा असतो, त्याची ओटी भरायची नसते. कोरड्या फडक्याने धरा. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसा."

त्याच संध्याकाळी घरी सांगितलं असतं तर विषय संपला असता. पण मला तो संपवायचा नव्हता. मला सासऱ्यांचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, तेही चारचौघांत. ते दुपारी झोपले असताना कपाटातली किल्ली घेऊन मी खाली गेले, डावीकडचा बल्ब काढून टाकला आणि नवा बल्ब फडक्यात धरून बसवला. उजवीकडचा कुंकवाचा तसाच ठेवला.

तीन आठवड्यांत उजवा गेला. गाडी नवरा चालवत होता. सासरे म्हणाले, "रस्त्यांची काय अवस्था करून ठेवलीय या लोकांनी!" मी चालवत होते तेव्हा हे रस्ते बहुधा लोण्याचे होते. त्यांनी नव्या बल्बला बोट लावून तो बसवला आणि मी चहा करायला वर गेले.

दसऱ्याला पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्यांची पूजा होती. दीर-जाऊ आले होते, शेजारी होते. सासऱ्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला. मी नवऱ्याला हेडलाइट लावायला सांगितलं. उजवा पुन्हा गेलेला होता. डावा लख्ख. मग मी सगळं सांगितलं, सावकाश, आवाज न चढवता, दुकानात दाखवलेला बल्ब हातोहात फिरवत. जाऊ फिसकन हसली. सासरे कुंकवाचं बोट पंचाला पुसत राहिले. मग त्यांनी नवऱ्याकडून किल्ली घेतली आणि माझ्या हातात ठेवली. इतकं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं.

रविवारी मी आईला खाली आणलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि सगळी हकीकत रंगवून सांगितली. सासऱ्यांचं पंचाला बोट पुसणं तर दोनदा करून दाखवलं. आई हसेल असं मला वाटलं होतं.

ती समोर रस्त्याकडे बघत होती. "म्हणजे श्रावणातच कळलं होतं तुला," ती म्हणाली. "मग मला कशाला सहा रविवार वर बसवून ठेवलंस?"