ठसेमास्तर आणि हसतं शीर

ठसेमास्तर देवांना मारायचे, आणि मारण्याआधी माफी मागायचे. जुन्या दगडावर ओला कागद पसरायचा, ताठ ब्रशाने बडवून तो कोरीवकामात बसवायचा, वर शाई लावायची आणि वाळला की सोलून काढायचा. कागदावर दगडाचा ठसा उतरे. सरकारी कार्यालयात त्यांची हीच नोकरी. पहिल्या फटक्याआधी म्हणायचे, "माय, रागावू नको. थोडा मार खाऊन घे."

एकोणीसशे सत्तरच्या आसपास प्रताप नगरात ते माझे शेजारी होते. मला जुन्या मूर्तींची मापं घेण्याची हौस, म्हणून रविवारी मी त्यांच्यासोबत जाई. त्या दगडांवर बहुतेक रक्तच: घोड्याखाली चिरडलेली माणसं, आतडी ओढणारी पिशाच्चं, प्रेतावर बसलेली चामुंडा. एका चामुंडेच्या माळेत मी चौदा मुंडकी मोजली. मास्तर म्हणाले, "हळू बोला, भाऊ. तिले कमी वाटले तं?"

चमत्कारांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण त्यांनी चेष्टाही कधी केली नाही. म्हणत, "ज्यानं कोरलं त्याच्यासाठी हे खरंच होतं. मी फक्त उतरवून राहिलो."

काटोलकडच्या एका गावात यादवांच्या काळातला दगड होता. त्यावर एक माणूस स्वतःचं शीर कापून देवीला देतो आहे, आणि त्याच्या हातातलं ते शीर हसतं आहे. पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या सोनाबाईने ठसा घेऊ दिला. त्या आठवड्यात गावात तीन बैल मेले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बडवताना शेंदूर सुटला. कागद सोलला तेव्हा दगडावरची देवी फिकी पडली होती आणि कागदावर काळीभोर उभी होती.

"काहून गा, देवीले कागदात भरून नेऊन राहिला?" जमलेल्या गर्दीतून एकाने विचारलं.

"देवी तिथंच हाय गा. ही नुसती शाई हाय," मास्तर म्हणाले.

पहिली काठी सोनाबाईच्या पाठीवर पडली. "इनंच विकली देवी." दुसरी हातावर पडली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मास्तर आडवे गेले, त्यांचंही डोकं फुटलं. मी दहा फुटांवर उभा होतो. हललो नाही.

डोळ्यांवरचं रक्त पुसत मास्तर ओरडले, "थांबा. नेली तशी परत ठेवतो."

त्यांनी ठसा पुन्हा भिजवला, शाईची बाजू दगडाला लावली आणि बडवायला लागले. दर फटक्याला मंत्रासारखं काही पुटपुटत होते. कागदाचा लगदा झाला. शाई आणि मास्तरांचं रक्त दगडात उतरलं, देवी काळी झाली. काठ्या खाली आल्या. सोनाबाईला आम्ही बैलगाडीत घालून काटोलच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली.

तीन महिन्यांनी तो दगड चोरीला गेला. आता ठसा हाच एक पुरावा उरला असता, म्हणून कार्यालयाने मास्तरांना लेखी विचारलं, ठसा कुठे आहे? मी सुचवलं, "पावसात भिजला असं लिहा."

"खोटं एक डाव बोललो, भाऊ. त्या बाईच्या जिवासाठी. नोकरीसाठी नाही बोलत."

त्यांचं उत्तर वाचल्यावर त्यांना पुन्हा कधी दगडाकडे पाठवलं नाही. उत्तर एका ओळीचं होतं: 'ठसा देवीला परत केला.'