चार रॅम आणि एक रापण

किस्से कुणी गोळा करत नाही हो, ते साठतात! कॉम्प्युटरच्या डब्यात धूळ साठते ना, तसेच. वर्षाने झाकण उघडून फुंकर मारली की नाकातोंडात जातात. मालवणात फ्रान्सिसच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी काउंटर सांभाळते, त्याला आता बारा वर्षं झाली. मशिनं बरी होऊन आपापल्या घरी गेली, किस्से मात्र माझ्याकडेच राहिले.

फ्रान्सिस पन्नाशीचा, बोलायला कमी आणि हट्टाला भारी. मोठ्या शहरातला कुणी पाहुणा आला आणि म्हणाला, "हे इथे नाही व्हायचं, वर पाठवा," की याचे कान लाल होतात. "वर म्हंजे खंय? देवाकडे?" असं विचारून तो स्क्रू काढायला बसतो. दुकानात आलेलं मशीन जिल्ह्याबाहेर जायचं नाही, हा त्याचा एकमेव नियम. बारा वर्षांत एकही गेलेलं नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

*

नांदगावचे एक निवृत्त गुरुजी. मशीन मांडीवर घेऊन आधी रेल्वे, मग एसटी, मग रिक्षा असं करत आले. "तीन जणांना दाखवलं. सगळे म्हणतात बोर्ड गेला, नवीन घ्या."

फ्रान्सिसने डबा उघडला, रॅमची पट्टी उपसून काढली आणि माझ्याकडे हात केला. मी ड्रॉवरमधला खोडरबर दिला. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने पट्टीच्या सोनेरी दातांवर थर धरतो, मग मशिनाला आपली मेमरी दिसेनाशी होते. फ्रान्सिसने दात खोडरबरने घासले, पट्टी परत बसवली, बटण दाबलं. मशीन चालू!

गुरुजी बघतच राहिले. "एवढंच होतं?"

"गुरुजी, जल्मभर पोरांका खोडरबर वापरूक सांगितलास," फ्रान्सिस म्हणाला. "एकदा आपण पण वापरूचो!"

गुरुजी जाताना माझ्याकडून खोडरबराची कंपनी लिहून घेऊन गेले.

*

दुसरा किस्सा कुणकेश्वरच्या लॉजवाल्या तात्यांचा. त्यांच्या मशिनाचं बायॉस अपडेट करायचं होतं. बायॉस म्हणजे बोर्डाच्या आतच बसलेलं सॉफ्टवेअर, मशिनात सगळ्यांच्या आधी जागं होणारं. फ्रान्सिसने तात्यांना सरळ सांगितलं, "ह्या पाच मिन्टांत लाईट गेली तर बोर्ड मेलो."

तात्या ताडकन उठले, चपला काढल्या, हात जोडले. "बा देवा कुणकेश्वरा, ह्यां तुझ्या लेकराचां मशीन आज उघड्यार पडलां आसा..." अहो, देवाला घालतात ते गाऱ्हाणंच सुरू! दुकानात चार गिऱ्हाइकं होती. गाऱ्हाणं सुरू झालं की मालवणी माणसाला गप्प राहता येत नाही. "लाईट जाव नये, बोर्ड मरू नये..." "होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज फ्रान्सिसचा! 'होय म्हाराजा' म्हणून झालं की तो छातीवर क्रूसाची खूणही करत होता, म्हणजे कुठूनच कमी पडायला नको.

तिसऱ्या मिनिटाला लाईट गेली. आमचा यूपीएस टुक टुक करत राहिला आणि अपडेट पुरं झालं.

"बघितलंस?" तात्यांची छाती फुगली. "देव पावलो!"

"पावलो तर!" फ्रान्सिस म्हणाला. "त्येणांच माका गेल्या म्हयन्यात यूपीएसची बॅटरी बदलूची बुद्धी दिली."

*

आता रुपालीची गोष्ट. ही सुशीलावहिनींची मुलगी. सुशीलावहिनी बाजारात मासळी विकतात, घरची होडी आहे आणि फ्रान्सिसच्या घरी आठवड्यातून चारदा मासे त्यांच्याच पाटीतले. मुलगी बोटींचं डिझाईन शिकलेली. गोव्यातल्या एका बोटी बांधणाऱ्या कंपनीने तिला सांगितलं होतं, मासेमारीच्या बोटीचं पूर्ण मॉडेल कॉम्प्युटरवर करून पाठवा, सोमवारपर्यंत. आवडलं तर नोकरी. आमच्या वाडीतल्या पोरींनी बोटीत काम केलंय, पण बोट आखायची नोकरी? अजून कुणाला मिळाली नव्हती.

आठवड्याआधी मशीन सफाईला आलं होतं. फ्रान्सिसने सफाई केली आणि आपल्या मनाने बायॉसही अपडेट करून दिलं. प्रेमाने हो! बुधवारी रुपाली रडवेली होऊन परत आली. मशीन मध्येच बंद पडत होतं आणि सेव्ह केलेलं मॉडेल उघडत नव्हतं. नशीब, तिने एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवली होती, नाहीतर तिथेच सगळं संपलं असतं.

मेमरीची टेस्ट लावली. स्क्रीनभर चुकांच्या लाल ओळी!

आमच्या धंद्यात अशा वेळी एक ठरलेलं वाक्य असतं: "तुम्हीच काहीतरी केलं असेल." मी ते दहा दुकानांत ऐकलंय. फ्रान्सिस उठला, बाजारात गेला आणि सगळ्या कोळणींच्या देखत म्हणाला, "वयनी, रुपालीचां मशीन माझ्या हातान बिघडलां."

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "तुझ्या हातान बिघडलां तर तुझ्याच हातान सुदारतलां. हात तोच मां?" आणि परत सुरमई कापायला लागल्या!

*

गुरुवार गेला. मशिनात रॅमच्या चार पट्ट्या होत्या, दोन जुन्या आणि दोन रुपालीने नंतर घातलेल्या. एकेक लावून बघितली तर चारही चोख. चारही एकत्र लावल्या की लाल ओळी! खोडरबर झाला, जागा बदलून झाल्या. जुनं बायॉस परत घालायला गेलो तर बोर्ड घेईना. दोनच पट्ट्यांवर चालवलं तर रुपालीचं मॉडेल उघडेना, एवढं मोठं होतं ते.

बोर्डाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा साहेब गोड आवाजात म्हणाला, "बोर्ड आमच्याकडे पाठवून द्या, तीन आठवड्यांत कळवतो."

फ्रान्सिसने फोन ठेवला. कान लाल! पण या वेळी तो स्क्रू काढायला बसला नाही, आणि मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल भीती वाटली. नियम मोडणार म्हणून नव्हे. पोरीचा सोमवार त्याच्या डोळ्यांत दिसत होता म्हणून.

*

शुक्रवारी बाजार उठल्यावर सुशीलावहिनी रिकामी पाटी घेऊन दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. "माका सांग, काय होता काय ता."

फ्रान्सिस म्हणाला, "वयनी, तुमका नाय कळूचां."

"सांग तर."

मग त्याने चार पट्ट्या टेबलावर मांडल्या. ह्यो दोन जुन्यो, ह्यो दोन नव्यो. चौघी वांगडा काम करतत. एकेकटी बरी, पण वांगडा लावल्यार चुकतत.

"धावतत कोणाच्या चालीन?" वहिनींनी विचारलं.

"म्हंजे?"

"रापण ओढूक कधी इलंस काय रे?" रापण म्हणजे अख्खी वाडी किनाऱ्यावरून दोर धरून ओढते ते मोठं जाळं. "माझो सासरो शेवटपर्यंत दोर धरी. सगळे त्याच्या चालीन ओढीत. तरणे बापये पुढे धावले तर म्हाताऱ्याच्या हातातलो दोर सुटता, जाळां वाकडां होता आणि म्हावरां भायर! म्हाताऱ्याक घरी बसवन नाय चलणा, हात कमी पडतत. मगे आपणच हळू जावचां. तुझ्या ह्या चवगींत म्हातारी खंयची?"

फ्रान्सिसने वहिनींकडे बघितलं. मग पट्ट्यांकडे. मग चारही पट्ट्या बसवून बायॉसच्या सेटिंगमध्ये घुसला.

जुनं बायॉस चौघींनाही मुकाट्याने जुन्या पट्टीच्या वेगाने चालवत होतं. नव्या बायॉसने आल्या आल्या चौघींना नव्या पट्टीच्या वेगाने पळवायला सुरुवात केली होती! फ्रान्सिसने वेग हाताने खाली आणला, थेट जुन्या पट्टीवर छापलेल्या आकड्यावर, आणि टेस्ट लावली.

एक फेरी, एकही लाल ओळ नाही. दुसरी फेरी, नाही. शनिवारी सकाळपर्यंत टेस्ट चालू ठेवली. एकसुद्धा नाही! मी काउंटरवर बसून रडले, सांगायला लाज कसली?

*

रुपालीने मॉडेल रविवारी पाठवलं. एक दिवस आधी!

नोकरीचं पत्र आलं तेव्हा वहिनी ते प्लास्टिकमध्ये घालून बाजारात घेऊन गेल्या होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत होत्या. कुणी म्हणालं, "वयनी, आधी पापलेट दाखवा." वहिनी म्हणाल्या, "पापलेट रोज गावता. ह्यां वाच आधी!"

*

फ्रान्सिसने मात्र एक काम केलं. काय बिघडलं आणि कसं सुधारलं, ते सगळं आकड्यांसकट बोर्डाच्या कंपनीला मेलने कळवलं. महिन्याभराने नवीन बायॉस आलं आणि पाठोपाठ सकाळी साडेनऊला कंपनीचा फोन. मी स्पीकर लावला. तोच गोड आवाजाचा साहेब, पण आता जरा अदबीने.

"सर, तुमचा रिपोर्ट आमच्या टीमने वाचला. आमच्या लोकांना हे सापडत नव्हतं. तुमच्याकडे हे नेमकं कुणी शोधलं?"

"आमच्या सीनियर आहेत," फ्रान्सिस शुद्ध मराठीत म्हणाला.

"अच्छा! किती वर्षांचा अनुभव?"

"चाळीसेक असेल."

"बाप रे! मॅडमशी दोन मिनिटं बोलता येईल का?"

फ्रान्सिसने दारातून बाजाराकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"अकरानंतर करा, सर. आत्ता त्या बांगडे विकतायत."