नव्वद दात्यांचं चाक

बाबांच्या टाचांच्या भेगा मिठागराच्या खाऱ्या पाण्यात कधी भरून येत नसत. म्हणून कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी मीठ ओढणारा रोबो बनवायला घेतला. तो चालला की बाबांनी पाण्यात उतरायचं नाही, असं मी घरात सगळ्यांसमोर जाहीर करून बसले होते. फुशारकी मारायची खोड माझी जुनीच.

चिखलात जोर हवा म्हणून मागचं दातेरी चाक मोठं हवं होतं, नव्वद दात्यांचं. एवढं स्प्रॉकेट बाजारात मिळेना, मग मीच ते कॉम्प्युटरवर आखलं. साखळी उरणच्या भंगारातून आणलेली. तिची एक कडी मोजली, त्या मापावर सगळे दाते बसवले आणि फाइल पनवेलच्या कटिंगवाल्याकडे पाठवून दिली. जाड पत्रा एकच होता, तोही त्याच्याकडेच पडलेला.

दुपारी साखळी धुऊन बांधावर पसरली होती. माप कसं घेतलंस, असं बाबांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं.

"एक पाऊल कोन मोजतं गो? शंभर मोज," ते म्हणाले.

बांध घालताना ते तसंच करतात. चिखलात एकेका पावलाचा भरवसा नसतो, म्हणून शंभर पावलं टाकायची आणि मग हिशेब करायचा. मला रागच आला. साखळी म्हणजे काय चिखल आहे? तरी त्यांचं तोंड बंद करायला शंभर कड्या ताणून मोजल्या. एका कडीच्या मापाला शंभरने गुणून येत होती त्यापेक्षा लांबी तीन कड्यांइतकी जास्त भरली. साखळी झिजून वाढली होती. माझ्या चाकावर ती दात्यांच्या डोक्यावर चढली असती आणि निसटली असती.

कटिंगवाला फोन उचलेना. स्कूटर काढली. रस्ताभर कंटेनरचे ट्रेलर, एकामागे एक, आणि मी त्यांच्यामागे रडायच्या बेतात. पोचले तेव्हा अर्ध्या चाकाचे दाते कापून झाले होते. थांबवा, एवढंच कसंबसं म्हणाले. त्याने मशीन बंद केलं, माझ्यासाठी चहा मागवला आणि सांगितलं की त्याच चकतीच्या आत लहान चाक बसेल. तिथेच बसून खऱ्या मापाने पुन्हा आखलं. सत्त्याहत्तर दाते बसले. दाते कमी म्हणजे जोर कमी, पण दुसरा पत्रा नव्हता.

दाखवायच्या दिवशी बांधावर आमचे सर आणि मिठागरातली माणसं जमली. रोबो चालला, साखळी एकदाही सुटली नाही. दोन फेऱ्यांनंतर कोपऱ्यातल्या नरम तळात तो रुतला. मोटर घुमत राहिली, मी रिमोट दाबत राहिले. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला बांधावर काढल्या आणि पाण्यात उतरून मागून खांदा लावला. रोबो निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वर आले तेव्हा त्यांच्या टाचेतून रक्त येत होतं.

"चालला ना गो तुजा," ते म्हणाले.

मी मान हलवली. चाकाला तेरा दाते कमी आहेत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.