मखमली सोफा

धाकटी म्हणजे दादाची सख्खी बहीण, पाठची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दादा स्वतः गिऱ्हाइकाला कापड दाखवायच्या आधी हेच सांगतो. दादाचं सोफे भरायचं दुकान. शिक्षण सातवी, तेही रडतखडत. धाकटी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि दर शनिवारी पेपरात सिनेमा-मालिकांवर लिहिते. तिचं एकूणएक लिखाण दादानं कापून दुकानाच्या भिंतीवर डकवलंय.

"वाचा, वाचा! अशी नजर आहे का कुणाच्या घरात?"

या खेपेला तर त्याचे पाय जमिनीवर नव्हतेच. एका नव्या मालिकेत त्याच्या दुकानातला सोफा गेला होता. मालिकावाल्यांनी मागितला होता जुना, फाटका. गोष्ट एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या ओढगस्तीच्या घराची. पण दादाच्या हातचा सोफा फाटका दिसणार, तोही साऱ्या जगासमोर? छे! त्यानं लालभडक मखमल चढवूनच पाठवला. त्यांना घाई होती, त्यांनी तसाच ठेवला. "शनिवारी बहीण काय लिहिते बघा," असं दादानं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी कागद घेऊन दुकानात आली.

"मालिका झकास आहे, दादा. ती बाई नुसती मान वळवून सगळं सांगते. पण सोफ्यावरही लिहिलंय."

"लिहिणारच! वाच."

तिनं वाचलं, "ज्या घरात मुलगी जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून नवी वही करते, तिथे हा मखमली सोफा आला कुठून? बाई रडते तेव्हा नजर तिच्यावर ठरत नाही, सोफ्यावर जाते. काम सुबक आहे. घर मात्र खोटं वाटतं."

दादानं तोंडात धरलेले खिळे एकेक करून तळहातावर काढले.

"माझा आहे तो. माहितीय ना?"

"शिवण बघूनच ओळखला."

"मग गाळ की ती चार वाक्यं! गल्लीत तोंड दाखवायचं कसं मी?"

"गाळते. पण उद्या मी कशाला चांगलं म्हटलं, तर तू तरी खरं मानशील का?"

दादानं तळहातावरचे खिळे डबीत टाकले. मग हळूच म्हणाला, "ती रडते तेव्हा खरंच सोफाच दिसतो?"

"हो रे."

"दुसरं कुणी बोललं असं?"

"अजून तरी नाही."

"कसं बोलतील? त्याला तुझ्यासारखी नजर लागते." दादाची छाती पुन्हा फुगली. "राहू दे तसंच. फक्त 'सुबक'च्या आधी 'फार' घाल."

"नाही घालणार," धाकटी हसत म्हणाली आणि कागदाची घडी करून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा न्हावी पेपर नाचवतच आला. "काय राव, सख्ख्या बहिणीनं भर पेपरात नाक कापलं की!"

दादानं पेपर ओढून घेतला आणि ओळींवर बोट ठेवून मोजलं.

"नीट वाच. नटीला एक वाक्य दिलंय. माझ्या सोफ्याला चार!"