मोर्णेकाठच्या पत्रावळी

अमरावती सोडली तेव्हा बंडीत (बैलगाडीत) कापूस होता आणि माझ्या उपरण्याच्या गाठीला काळे तीळ. कापूस अकोल्याच्या बाजारासाठी, तीळ म्हातारीच्या, माझ्या बायकोच्या, वर्षश्राद्धासाठी. मागच्या साली ती हौसेनं अकोला पाहायला माझ्यासोबत आली आणि मोर्णा नदीच्या काठी, बंड्यांच्या तळावर, तापानं गेली. श्राद्ध तिथंच करायचं मी ठरवलं. लिहिणं मला फारसं येत नाही. घरच्यांनी विचारलं म्हणून घडलं तसं लिहितो.

सोबत व्याही सखाराम. त्यांच्या तोंडाला विसावा नाही, पण माणूस गुणाचा. दर्यापूर मागे टाकून पूर्णेकाठी ज्वारीची भाकर, झुणका खाल्ला. विलायतेला कापूस हवा झाल्यापासून सारा रस्ता बंड्यांनी भरलेला. वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना इतका कापूस अडकलेला, की बाया तिथंही वेचणीला याव्यात.

तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या तळावर उतरलो. पाय ठेवायला जागा नाही! पळसाच्या पत्रावळी, फुटकी गाडगी, सडका कडबा, गोणपाटाच्या चिंध्या, थेट पाण्यापर्यंत. मी दोन शिव्या हासडल्या, जेवलो, आणि माझीही पत्रावळ त्यातच भिरकावली. खोटं कशाला लिहू?

सकाळी आंघोळ केली, भटजी आले, विधी झाला. कावळ्यासाठी घास ठेवला. कावळे ढीगभर, पण एकही जवळ येईना.

“इवाईबुवा (व्याहीबुवा),” सखाराम म्हणाले, “ईनबाई (विहीणबाई) रुसल्या वाटते. काई कबूल केलतं काय तिले?”

“काई नाई.”

“मंग आता करा!”

नातीच्या लग्नात तुझी नथ तिलाच घालीन म्हणालो. तुझी कपिला गाय विकणार नाही म्हणालो. कावळा ढिम्म. गेली तेव्हा ताप डोक्यात चढलेला. नीट बोललीच नाही. काही मागायचं राहून गेलं असेल तर आता कोणाला विचारू?

तेवढ्यात माझी नजर गेली. एक कावळा पत्रावळीवरचा भात खाऊन चोच पुसत होता.

“अरे, याचं पोट भरलं हाय! हा रुसवा नाई, अजीर्ण हाय!” मी म्हणालो.

मी उठून पत्रावळी गोळा करू लागलो. भटजी ओरडले, “अहो, श्राद्धाच्या दिवशी लोकांचं उष्टं? विटाळ होईल!”

“नदी हाय ना. पुन्हा बुडी मारतो.”

“आणि मी? मला अजून दोन घरं आहेत!”

“बसा गुमान.”

गाडीवाले हसले. “बुवा, आमच्या बैलाखालचंबी झाडता काय?” मी वाकलेलाच. मग त्यांच्यातला एक धावत आला. “बावाजी, माया उष्ट्याले हात नोका लावू. बापाच्या वयाचे तुमी, मले पाप लागन.”

“मंग तुयी तू उचल.”

“मायी कोणती, कसं वळखू?”

“नाई वळखत, तर साऱ्या उचल.”

तो लाजला, पण वाकला. मग दुसरा आला, तिसरा आला. पाप कोणालाच नको होतं. सखाराम बडबडत खड्डा खणू लागले. उन्हं डोक्यावर आली तोवर काठाची वाळू दिसू लागली. मी पुन्हा बुडी मारली, घास नव्यानं ठेवला.

कावळा आला. मान वाकडी करून पाहिलं आणि घास उचलला.

सखारामांनी डोळे पुसले. “कोणत्या कबुलीवर आल्या असन ईनबाई?”

“भूक लागली होती त्याले,” मी म्हणालो, पण कावळा उडाला तिकडे हात जोडले.

परतताना पूर्णेकाठी पुन्हा जेवलो. सखारामांनी पत्रावळ फेकायला हात उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप घडी घातली. मीही माझी उचलली. चाळीस वर्षं म्हातारी माझ्यामागून माझ्याच पत्रावळीवर जेवली आणि मग ती उचलून घेऊन गेली. कुठं टाकत होती, मी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. आता जेवण झालं तरी तिचं जेवण होईल इतका वेळ मी बसून राहतो, मग उठतो आणि पत्रावळ उचलतो.