एक्केचाळीस वासे

हव्वाबीने मुलाच्या ताटात सुरमईची तुकडी वाढली आणि त्याच दमात सांगून टाकलं, "हमीद, पुढच्या महिन्यात मी आफ्रिकेला चाललेय. जहाजाने. जंगल बघायला."

हमीद काटा काढत होता. तो थांबला. "कसलं जंगल?"

"ते." हव्वाबीने हातातलं उलथणं छपराकडे रोखलं.

छपरात एक्केचाळीस वासे होते. दुबईच्या देरा भागातल्या त्या घराच्या आणि शहरातल्या जवळपास सगळ्याच घरांच्या छपरांना हे वासे असत. इथले लोक त्यांना चंदल म्हणत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नदीच्या मुखाशी जी खारफुटी वाढते, तिची ही लाकडं. दरवर्षी जहाजं भरभरून यायची. वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद. मोत्याच्या व्यापाऱ्याची बैठक असो की हमालाची खोली, रुंदी तीच. हव्वाबी चार वर्षं त्या रुंदीत राहत होती. गेल्या उन्हाळ्यात ताप आला तेव्हा आठ दिवस पाठीवर पडून तिने वासे मोजले. एक वासा नवा होता, साल न काढलेला. त्याला ओल्या चिखलाचा वास येत होता. बाणकोटच्या खाडीवर ओहोटीला येतो तसा. ताप उतरला, पण तो वास काही नाकातून गेला नाही.

हव्वाबी महालदार मूळची बाणकोटकडची. पंधराव्या वर्षी लग्न झालं. नवरा जहूर बोटीवर खलाशी. अकरा महिने बाहेर, एक महिना घरी, आणि त्या एका महिन्यात रंगून, सिंगापूर, मोम्बासाच्या गोष्टी. हव्वाबी ऐकायची आणि भाकऱ्या थापायची. एकदा म्हणाली होती, "मला न्या की." जहूर इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तो वारला, हमीद दुबईत शिपिंग ऑफिसात क्लार्क झाला, आणि सुनेच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून हव्वाबी इथे आली. तीन महिन्यांची चार वर्षं झाली. सून बिलकीसची दोन बाळंतपणं तिने केली, शिवाय देऱ्यातल्या कोकणी घरांतली चौदा. वय त्रेपन्न. या सगळ्यात तिने पाहिलं काय? विहीर, चूल, खाडी आणि वाळू.

"अम्मा, दिमाग ठिकाणावर आहे ना?" हमीद म्हणाला. "ऑफिसात लोक काय म्हणतील? शिपिंग क्लार्कची आई लाकडाच्या जहाजावर!"

"म्हणू देत. तुझ्या ऑफिसातल्यांनी तरी कुठे जंगल पाहिलंय?"

"हजला जा. मी पाठवतो. खरंच पाठवतो."

"हजला जाईनच. ते फर्ज आहे. ते पुढे करून मला इथे बसवू नकोस."

"पण जंगलात आहे काय?"

"तेच बघायचंय."

हमीदला वाटलं, चार दिवसांत विसरेल. हव्वाबी मात्र तयारीला लागली. लियाकत हे वासे आणणाऱ्या एका जहाजावर इंजिन सांभाळायचा. तिच्याच गावचा, हमीदच्याच वयाचा. जुम्म्याला तो जेवायला आला की ती त्याला खोदून खोदून विचारायची.

"रुफिजी नदीच्या मुखाशी आम्ही महिना-दीड महिना नांगर टाकून राहतो, मावशी," लियाकत सांगायचा. "लाकूड तोडून भरेपर्यंत. भरतीला झाडं पाण्यात उभी, ओहोटीला चिखलात. नदीने वर गेलं की डोंगराकडचं जंगल. तिथे रोज पाऊस. दहा माणसांनी कवेत घेतलं तरी झाड मावत नाही. भरदुपारी अंधार."

"थापा मारतोस."

"कसम से."

"मला तिथे नेशील?"

"होडीने नेईन. पण मावशी, सोपं नाही हां. जायला महिना. यायचं ते वारा फिरल्यावर, चैत्रात. पाच महिने धर."

हव्वाबीने पुढचा प्रश्न विचारला तो वाऱ्याचा नव्हता. "जहाजावर बाईने जायचं कुठे?"

लियाकत कानापर्यंत लाल झाला. जहाजाच्या कडेला समुद्रावर टांगलेली एक लाकडी पेटी असते, असं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. दुसऱ्या दिवशी हव्वाबीने गोणपाट आणलं आणि पेटीभोवती बांधायला दुहेरी पडदा शिवायला घेतला. मग सोडे, आमसुलं, खारवलेली लिंबं, कुळथाचं पीठ असं सगळं डब्यांत भरलं. पासपोर्टवर आफ्रिकेचा शिक्का नव्हता. तो हमीदच्याच ऑफिसातल्या मुश्ताकने आणून दिला. मुश्ताकच्या तिन्ही मुलांची नाळ हव्वाबीने कापली होती. हमीदला विचारायची त्याला गरज वाटली नाही.

आता हमीद घाबरला. पुढच्या जुम्म्याला तो जमाल मौलवींनाच घरी घेऊन आला. मौलवीही कोकणातलेच, शांत माणूस. बैठकीच्या पडद्याआड हव्वाबी बसली, शेजारी बिलकीस मुलाला मांडीवर घेऊन.

"मौलवीसाहेब, तुम्हीच समजवा," हमीद म्हणाला. "पाच महिन्यांची सफर, आणि सोबत मेहरम नाही. नवरा नाही, भाऊ नाही, मी येऊ शकत नाही. परक्या मर्दांच्या जहाजावर बाईने एकटीने जायचं? जायज आहे का?"

"मेहरम, म्हणजे जिचा निकाह ज्याच्याशी होऊच शकत नाही असा नात्यातला मर्द, सोबत नसेल तर मी हो म्हणणार नाही," मौलवी म्हणाले.

हमीदने पडद्याकडे पाहिलं. "ऐकलंस ना, अम्मा? खलास."

"खलास कसं?" पडद्याआडून आवाज आला. "लियाकत आहे की."

"लियाकत तुझा कोण?"

"माझा दूधमुलगा. त्याची आई नूरजहाँ बाळंतपणात तापाने पडली, तेव्हा दोन महिने मी पाजलंय त्याला. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला तो. आणि तू चावायचास."

बिलकीस खुदकन हसली. मौलवींनी घसा साफ केला. "आपण शाफई मजहबचे. आपल्यात पाच वेळा पोटभर पाजलेलं लागतं."

"पाच? मौलवीसाहेब, पाच तर तो सकाळच्या चहाआधी प्यायचा."

"साक्षीदार?"

"गावातल्या बायका," हमीद घाईने म्हणाला. "आणि गाव इथे नाही. पत्र जाऊन यायला महिना लागेल. तोवर जहाज गेलेलं असेल."

"साक्षीदार इथेच बसलाय," हव्वाबी म्हणाली. "हमीद, मरियमबीला लियाकतचं स्थळ आलं होतं तेव्हा तू काय केलंस, ते सांग मौलवींना."

हमीदने टोपी काढून परत घातली. मरियमबी त्याची धाकटी बहीण. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बहीण खलाशाला द्यायची नव्हती म्हणून तो स्वतः जमातीपुढे उभा राहिला होता. लियाकत आमचा दूधभाऊ, हा निकाह हराम आहे, असं त्याने चार म्हाताऱ्या बायकांना पुढे आणून सिद्ध केलं होतं. लियाकत मान खाली घालून गेला होता.

"खरं का?" मौलवींनी विचारलं.

"खरं," हमीद पुटपुटला.

"जमातीने मानलं होतं?"

"मानलं होतं."

"मग निकाहाला तो भाऊ आणि सफरीला परका, असं कसं चालेल, बाबा?"

हमीद शेवटचं हत्यार काढावं तसा बिलकीसकडे वळला. "आणि मुलांचं काय? घर कोण बघणार? बोल ना तू."

बिलकीसने मुलाला खांद्यावर टाकलं. "मी बघीन. अम्मा गेल्या तर पाच महिने चूल तरी माझी होईल. मीठ किती घालायचं ते कुणी सांगणार नाही."

"बघ, बघ," हव्वाबी म्हणाली. "पण रस्सा पातळ करू नकोस."

"बघू," बिलकीस म्हणाली.

डिसेंबरात उत्तरेचा वारा धरला. खाडीवर जहाज भरत होतं. खजुराच्या गोण्या चढत होत्या. हमीद आठ दिवस आईशी बोलला नव्हता, पण ट्रंक खांद्यावर घेऊन आला तोच. पाण्याच्या कडेला ट्रंक ठेवून तो उभा राहिला.

"रमजान येतोय. रोजे समुद्रावर, ईद समुद्रावर."

"मुसाफिराला रोजे माफ आहेत. तरी जमतील तेवढे धरीन."

"आणि तिकडे काही झालं तर?"

"झालं तर पुरतील तिथेच. माती ओली असेल, खणणाऱ्याला त्रास नाही."

हमीदला हसूही येईना, रडूही येईना. "आणि समज, बघितलंस जंगल. मग?"

"मग बघितलेलं असेल," हव्वाबी म्हणाली.

तिला घेऊन होडी जहाजाला जाऊन भिडली. वरून दोरीची शिडी लोंबत होती. कठड्यावरचे खलाशी हातातली कामं टाकून बघत होते. हव्वाबीने बुरख्याची टोकं कमरेला खोचली, गोणपाटाच्या पडद्याची वळकटी पाठीला बांधली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. लियाकतने वरून वाकून हात पुढे केला.

"हात दे, मावशी."

"बाजूला हो," ती म्हणाली. "पडले तर धर."