स्पीकरमागची जागा

"आवाजच आठवंना मला त्यांचा," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. गावाकडे जयंतीच्या जलशांत ते गायचे. घरी भरलेल्या एका कॅसेटवर त्यांची तीन गाणी होती. ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि मोबाइलवर आईला ऐकवली. तिने नुसती मान हलवली. हे ते नाहीत.

मग मी स्पीकरच्या मागे लागलो. मीरा रोडच्या दुकानात, पडदे लावलेल्या खोलीत, आवाज असा भरदार आला की मी डोळे पुसले आणि तीच जोडी उचलली. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या हॉलमध्ये मात्र तेच वडील विहिरीत उतरून गायला लागले. दुकानदाराला फोन केला, तर तो हिंदीत म्हणाला, स्पीकरला दोष देऊ नका, खोलीला द्या. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, खिडकीची भली मोठी काच. आवाज आदळून परत येतोय.

मला तेवढंच निमित्त पुरलं. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे, मग हातभर. फरशीवर खुणेच्या चिकटपट्ट्या. काचेवर जाड पडदा, मागच्या भिंतीवर आईच्या हातची गोधडी. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण जुळावा म्हणून सोफा रोज सरकायचा. बायको म्हणाली, एकदा काय ते ठरव, चालायला वाट उरली नाही. मी तिच्यावर डाफरलो. खरं तर मी घाबरलो होतो. आईच्या आठवणीतलं बाकीचंही हळूहळू पुसलं जात होतं, आणि मी टेप घेऊन फरशी मोजत होतो.

एका रविवारी सकाळी सगळं जमलं. आवाज बरोबर मधोमध, शब्दन् शब्द सुटा, मधला श्वाससुद्धा ऐकू येतोय. आईला सोफ्यावर नेमक्या जागी बसवलं. ती परक्या घरी आल्यासारखी अवघडून बसली.

"चांगला गातोय," ती म्हणाली.

गातोय. वडिलांबद्दल ती जन्मात कधी एकेरीत बोलली नव्हती.

मी बंद करायला उठलो, तर तीही उठली. गुडघ्यावर हात ठेवत स्पीकरच्या मागे गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिथे सगळं दबकं, बोजड ऐकू येतं. मी चिडून तिला पुढे बोलावलं.

"थांब," ती म्हणाली. "मी कोरसला होते. ते मला समोरून कधी ऐकूच आले न्हाईत."

कडवं संपलं. कॅसेटवर ते एकटेच गायलेत, त्यामुळे पुढे थोडी जागा रिकामी जाते. त्या जागेत आईने ध्रुवपद उचललं, एक शब्द न चुकता. तिची नजर माझ्याकडे नव्हती. हातभर पुढे, जिथे त्यांची पाठ असायची, तिथे होती.